उसन्या देशांचा नट

१९३६ साली सेसिल बी. डेमिल गॅरी कूपरला घेऊन ‘द प्लेन्समन’ काढत होता. त्यात शायेन या अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातीच्या एका योद्ध्याचं मोजकं काम होतं. गोऱ्यांच्या तावडीत सापडायचं आणि अमेरिकी लष्करातल्या जनरल कस्टरचा शेवट कसा झाला ते आपल्या भाषेत सांगायचं, एवढंच. डेमिलला खरा शायेन हवा होता. एकवीस वर्षांचा एक उंचापुरा तरुण हजर झाला आणि आपण शायेनच आहोत असं त्यानं बेधडक ठोकून दिलं. बोलून दाखव म्हटल्यावर तोंडाला येतील ते आवाज काढले. शायेन भाषेतला एक शब्दही त्याला येत नव्हता. घरी तो स्पॅनिश बोलायचा आणि बाहेर लॉस एंजेलिसच्या गल्लीबोळातलं इंग्रजी. काम मात्र मिळालं.

पुढचा भाग आणखी धिटाईचा. डेमिलच्या सेटवर भलेभले दबून असत. तिथं या नवख्या पोरानं दिग्दर्शकालाच सांगितलं, की तुम्ही हा प्रसंग चुकीचा बसवलाय. सगळ्यांना वाटलं, आता याची गच्छंती. डेमिलनं क्षणभर विचार केला आणि पोराचं म्हणणं मान्य करून प्रसंग बदलला. ही हकिगत त्या पोरानं, म्हणजे अँथनी क्विननं, स्वतःच पुढं रंगवून सांगितली आहे. गडी मोठा गोष्टीवेल्हाळ, तेव्हा तिखटमीठ वजा करूनच ती घ्यावी. पण एवढं तर कागदोपत्री खरं, की वर्षभरात, ऑक्टोबर १९३७मध्ये, त्याचं डेमिलच्या दत्तक मुलीशी, कॅथरीनशी, लग्न झालं. खोटा शायेन हॉलिवूडच्या सर्वांत बड्या घराचा जावई झाला.

क्विनचं पुढचं सगळं आयुष्य या एका कामात बीजरूपानं दिसतं. तो मेक्सिकोत जन्मला आणि पडद्यावर मेक्सिकन क्वचितच, बाकी सगळं झाला. ग्रीक, अरब, इटालियन, फ्रेंच, चिनी, फिलिपिनो, एस्किमो, हूणांचा राजा, एवढंच काय, युक्रेनियन पोपसुद्धा. त्याचे चाहते याला अष्टपैलुत्व म्हणतात. माझ्या मते तो आधी नाइलाज होता. त्या नाइलाजाचा त्यानं धंदा केला आणि धंद्यातून कधीकधी कला केली.

त्याचं पूर्ण नाव मॅन्युएल अँतोनियो रोदोल्फो क्विन ओआहाका. जन्म २१ एप्रिल १९१५, मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या चिवावा शहरात. तेव्हा मेक्सिकोत क्रांतीचा वणवा पेटलेला होता आणि चिवावा म्हणजे बंडखोर सेनानी पांचो व्हियाचा बालेकिल्ला. वडील फ्रान्सिस्को क्विन हे आयरिश बाप आणि मेक्सिकन आईचे चिरंजीव, व्हियाच्या बाजूनं लढलेले. आई मॅन्युएला. तान्ह्या पोराला घेऊन तिनं सीमा ओलांडून टेक्सासमधलं एल पासो गाठलं. तिथून कुटुंब मजुरीच्या मागं फिरत फिरत लॉस एंजेलिसला आलं. वडिलांना सिनेमाच्या स्टुडिओत बारीकसारीक कामं मिळू लागली होती. पण १९२६ साली मोटारीच्या अपघातात ते गेले. अँथनी तेव्हा अकरा वर्षांचाही नव्हता किंवा नुकताच झाला होता. त्यानंतर पोरानं काय केलं नाही? बूट पुसले, पेपर टाकले, मुष्टियुद्धाच्या आखाड्यात मार खाल्ला आणि दिला.

ती मंदीची वर्षं होती. अमेरिकेत नोकऱ्या आटल्या तसा राग मेक्सिकनांवर निघाला. १९३१पासून लॉस एंजेलिसहून आगगाड्या भरभरून माणसं ‘परत’ पाठवली गेली. त्या दशकात देशभरातून अशा लाखो लोकांची रवानगी झाली आणि त्यांतले कितीतरी जण अमेरिकेतच जन्मलेले होते. क्विनच्या वस्तीला त्या काळी आधार कुणाचा होता, तर एमी सेंपल मॅक्फर्सन या ख्रिस्ती प्रवचनकार बाईंचा. एको पार्कमधल्या त्यांच्या भल्यामोठ्या प्रार्थनामंदिरात शिधा वाटताना तुमचं गाव कोणतं आणि कागदपत्रं आहेत का, हे कुणी विचारत नसे. पोरगा कॅथलिक घरातला, पण बाईंच्या वाद्यवृंदात सॅक्सोफोन वाजवायला लागला. बाईंचं व्यासपीठावरचं येणं, थांबणं, हजारोंच्या गर्दीवर नुसती नजर फिरवणं त्याच्या डोक्यात कायमचं बसलं. मोठमोठ्या अभिनेत्रींबरोबर काम करून झाल्यावरही तो म्हणायचा, की त्या बाईंची सर कुणाला नाही. मला विचाराल तर त्याची नाट्यशाळा हीच.

नट व्हायचं त्याच्या मनातही नव्हतं. त्याला घरं बांधायची होती. शाळेत असताना वास्तुरचनेसाठी बक्षीस मिळालं आणि थोर वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइटपर्यंत त्याची मजल गेली. राइटला मुलाचं काम आवडलं, बोलणं आवडलं नाही. जिभेखालचा पडदा आखूड असल्यानं उच्चार घोटाळत होते. शस्त्रक्रिया करून घे आणि बोलायला शीक, असा त्यानं सल्ला दिला. शस्त्रक्रियेनंतर जीभ वळावी म्हणून क्विन नाटकाच्या वर्गाला जाऊ लागला. फीपुरते पैसे नव्हते, म्हणून तिथंच झाडलोट करायचा. पुढं सिनेमातून बोलावणं आलं तेव्हा तो राइटकडे गेला. एवढे पैसे माझ्याकडे तुला मिळायचे नाहीत, तिकडेच जा, असं राइटनंच सांगितलं.

आता मेक्सिकन असणं हॉलिवूडमध्ये नेहमीच तोट्याचं होतं असं नाही. मूकपटांच्या जमान्यात दुरांगो शहरातून आलेले रामोन नोवारो आणि दोलोरेस देल रिओ हे तर बिनीचे तारे होते. १९२५च्या ‘बेन-हर’चा नायक नोवारोच. पण पडद्याला वाचा फुटली तसे उच्चार ऐकू येऊ लागले आणि नोवारोसारख्यांचे दिवस फिरले. क्विनची अडचण वेगळी होती. त्याचं इंग्रजी लॉस एंजेलिसमध्येच घडलेलं, पण चेहरा मात्र नायकाचा मानला जाईना. मग १९३० आणि १९४०च्या दशकांत तो सासऱ्याच्या आणि इतरांच्या चित्रपटांत गुंड, चाचे, रेड इंडियन सरदार करत राहिला. ‘दे डाइड विथ देअर बूट्स ऑन’मध्ये तो क्रेझी हॉर्स हा सरदार होता. ‘बॅक टू बतान’मध्ये जॉन वेनच्या शेजारी फिलिपिनो कप्तान आणि त्याच १९४५ साली ‘चायना स्काय’मध्ये चिनी. जावई म्हणून त्याला फार काही मिळालं असं दिसत नाही. उलट यश आलं तर सासऱ्याच्या पुण्याईनं आणि अपयश आलं तर स्वतःच्या, असा हिशेब लोक मांडत. घरातही दैवानं घाव घातला. १९४१मध्ये त्याचा पहिला मुलगा क्रिस्तोफर, तीन वर्षांचाही नसेल, खेळता खेळता शेजारी राहणारा विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्स याच्या आवारातल्या तळ्यात बुडून गेला. एरवी अखंड बडबडणारा हा माणूस त्या मुलाबद्दल बोलायचं टाळत असे.

ऑगस्ट १९४२मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ‘स्लीपी लगून’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तळ्यापाशी एक मेक्सिकन तरुण बेशुद्धावस्थेत सापडला आणि लवकरच मरण पावला. पोलिसांनी मेक्सिकन वस्त्यांतून शेकडो पोरं उचलली. बावीस जणांवर एकत्र खटला चालला. कपडे बदलायची, केस कापायचीही मुभा त्यांना बराच काळ नव्हती; ज्यूरीला ती रासवट दिसावीत हा हेतू उघड होता. जानेवारी १९४३मध्ये सतरा जण दोषी ठरले. त्यांच्यासाठी बचाव समिती उभी राहिली. तिला साथ देणाऱ्यांत ऑर्सन वेल्स होता, रिटा हेवर्थ होती आणि क्विनही होता. स्टुडिओच्या पगारावर जगणाऱ्या आणि तोवर अमेरिकेचं नागरिकत्वही न घेतलेल्या नटाला असल्या भानगडीत पडणं परवडणारं नव्हतं. पण आईनं सांगितलं म्हणून आपण पडलो, असं तो सांगायचा. हलाखीच्या दिवसांत त्या आरोपींपैकी एकाच्या घरच्यांनी क्विनच्या कुटुंबाला जेवू घातलं होतं. ऑक्टोबर १९४४मध्ये वरच्या न्यायालयानं सगळ्या शिक्षा रद्द केल्या.

योगायोग असा, की त्याच १९४३ साली ‘द ऑक्स-बो इन्सिडेंट’ आला. चिडलेला जमाव तीन निरपराध माणसांना गुरं चोरल्याच्या संशयावरून झाडाला लटकावतो, अशी ती गोष्ट. तिघांपैकी एक मेक्सिकन, तो क्विन. इंग्रजी कळत नसल्याचं सोंग घेऊन तो बसलेला असतो. पळायला जातो तेव्हा पायात गोळी लागते. मग तो चाकू मागतो, तो तापवून घेतो आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या पायातली गोळी शांतपणे काढून टाकतो. तेव्हा कळतं, की याला इंग्रजीच काय, आणखी दहा भाषा येतात. फक्त या लोकांशी बोलण्यात त्याला अर्थ वाटत नाही. पडद्यावर तो दहा मिनिटंही नसेल. हेन्री फोंडा चित्रपटाचा नायक आहे, पण मला त्यातला आठवतो तो हा चाकू पुसणारा मेक्सिकन.

१९४७मध्ये त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आणि सिनेमाला कंटाळून रंगभूमीची वाट धरली. ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’मध्ये ज्या स्टॅन्ली कोवाल्स्कीनं मार्लन ब्रँडोला रातोरात मोठं केलं, तीच भूमिका ब्रँडोनंतर क्विननं गावोगावच्या दौऱ्यात आणि न्यू यॉर्कमध्ये केली. दिग्दर्शक एलिया कझान दोघांनाही ओळखून होता. १९५१मध्ये जॉन स्टाइनबेकच्या पटकथेवर ‘व्हिवा सपाता!’ काढायचं ठरलं तेव्हा कझाननं दोघांनाही घेतलं. मेक्सिकन सरकारशी जमलं नाही म्हणून चित्रीकरण सीमेअलीकडच्या रोमा या टेक्सासमधल्या गावी झालं. क्रांतीचा महानायक एमिलियानो सपाता कोण करणार? डोळ्यांचा आकार बदलून, रंग फासून मेक्सिकन बनवलेला ब्रँडो. आणि बाप खरोखरच त्या क्रांतीत लढलेला क्विन? तो सपाताचा भाऊ, युफेमियो. क्विनला हे बोचलं होतं. कझाननं त्यात तेल ओतलं; एकाचं दुसऱ्याला खोटंनाटं सांगून दोघांत तेढ लावून दिली आणि ती पडद्यावर उतरवली.

क्रांती झाली आहे, युफेमियो जनरल झाला आहे आणि गावकऱ्यांच्या जमिनी बळकावून, दुसऱ्याची बायको आणून, दारू पिऊन पडला आहे. भाऊ जाब विचारायला येतो. क्विन त्याला ओरडून उत्तर देत नाही. मी पण तुझ्याएवढाच लढलो, मग माझ्या पदरात धूळच का, असं तो काहीशा गोंधळल्या आवाजात विचारतो. ब्रँडोकडे त्याला उत्तर नसतं. या भूमिकेनं क्विनला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. मेक्सिकोत जन्मलेल्या नटाला अभिनयाचं ऑस्कर मिळण्याची ही पहिलीच वेळ. १९ मार्च १९५३चा तो सोहळा दूरचित्रवाणीवर दाखवला गेलेला पहिला ऑस्कर सोहळा, आणि त्याच संध्याकाळी सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला सासऱ्याचा ‘द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ’. ब्रँडोला मात्र त्या रात्री हात हलवत बसावं लागलं.

ऑस्कर मिळाल्यावर चांगल्या भूमिकांची रांग लागायला हवी होती, पण ती लागली नाही. क्विन रोमला गेला. तिथं ‘अत्तिला’सारख्या भपकेबाज चित्रपटांत त्याला काम होतं. रोममध्येच ज्युलिएत्ता मसीनाशी त्याची गाठ पडली. तिचा नवरा एक चित्रपट काढायच्या खटपटीत होता. त्याचं नाव फेदेरिको फेल्लिनी. तेव्हा जगाला फारसं माहीत नसलेलं. एकाच वेळी दोन्ही चित्रपट चालू होते. इकडे हूणांचा राजा आणि तिकडे ‘ला स्त्रादा’मधला रस्त्यावर खेळ करणारा झांपानो.

झांपानोचा खेळ एकच. छातीला लोखंडी साखळी बांधायची, श्वास भरून छाती फुगवायची आणि साखळीचा आकडा तोडायचा. तो गावोगाव मोटारसायकलला जोडलेल्या खटाऱ्यातून फिरतो. जेल्सोमिना या भाबड्या मुलीला त्यानं तिच्या आईकडून दहा हजार लिरांना विकत घेतलंय. तिला तो ढोल आणि तुतारी शिकवतो, छडीनं मारतो, आणि शेवटी रस्त्याच्या कडेला झोपेत सोडून जातो. जाताना तिची तुतारी तेवढी उशाशी ठेवतो. एवढीच त्याच्या माणुसकीची खूण. वर्षांनंतर ती मेल्याचं कळतं तेव्हा तो दारू पिऊन समुद्राकाठी येतो, वर आभाळाकडे बघतो, घाबरतो आणि वाळूत तोंड खुपसून रडतो. दगडासारख्या माणसाला आत काहीतरी आहे हे त्याचं त्यालाच पहिल्यांदा कळावं, असं ते रडणं. गंमत अशी, की इटालियन चित्रपटात क्विनचा आवाजच नाही. तो अर्नोल्दो फोआ या इटालियन नटाचा आहे. म्हणजे त्याची सर्वांत मोठी भूमिका त्यानं पाठीतून, मानेतून, डोळ्यांतून केली. जीभ सैल व्हावी म्हणून अभिनय शिकलेल्या माणसानं!

२७ मार्च १९५७ची रात्र त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत भाग्याची म्हणायची. ‘लस्ट फॉर लाइफ’मध्ये कर्क डग्लसच्या व्हॅन गॉगसमोर त्यानं चित्रकार गोगँ केला होता. प्रसंग थोडेच, पण दुसरं ऑस्कर आलं. त्याच रात्री ‘ला स्त्रादा’ला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्याआधी ते मानाचं म्हणून दिलं जाई. स्पर्धेतून मिळालेलं हे पहिलं.

पुढच्या काही वर्षांतले चढउतार भराभर सांगून टाकतो. १९५८मध्ये सासऱ्यासाठी ‘द बकॅनियर’ दिग्दर्शित केला, आपटला. पुन्हा तो दिग्दर्शनाच्या वाटेला गेला नाही. १९६०मध्ये ब्रॉडवेवर ‘बेकेट’ नाटकात लॉरेन्स ऑलिव्हिएसमोर राजा हेन्री केला. ‘द सॅव्हेज इनोसंट्स’मध्ये एस्किमो झाला. ‘बराब्बास’च्या क्रुसाच्या दृश्यासाठी १५ फेब्रुवारी १९६१चं खरंखुरं खग्रास ग्रहण चित्रित केलं गेलं. ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ या युद्धपटात तो ग्रीक कर्नल होता. ऱ्होड्स बेटावर ज्या खाडीत त्याचं चित्रीकरण झालं ती आज अँथनी क्विनच्याच नावानं ओळखली जाते. तिथल्या जमिनीवरून त्याचा ग्रीक सरकारशी दीर्घकाळ वाद चालला, हा भाग वेगळा.

मग ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’. जॉर्डनच्या वाळवंटात क्विननं औदा अबू तायी या टोळीप्रमुखाचं छायाचित्र समोर ठेवून स्वतःच रंगभूषा केली, नाक लावलं आणि तंबूतून बाहेर पडून चालत निघाला. जमलेले बदू त्याला बघून औदाच्या नावानं ओरडू लागले. दिग्दर्शक डेव्हिड लीननं दुरून पाहिलं आणि म्हणाला, की क्विनला कळवा त्याची गरज नाही, हाच माणूस घेऊ. गोष्ट इतकी चांगली आहे की खरी असो-नसो, सांगायलाच हवी. औदाच्या वंशजांना मात्र तो पैशासाठी लढणारा सरदार अजिबात आवडला नाही आणि त्यांनी आक्षेप घेतला. या चित्रपटात आपले आय. एस. जोहरही आहेत, लॉरेन्स ज्याला वाळवंटातून वाचवतो आणि पुढं औदाच्या टोळीशी तंटा नको म्हणून ज्याला स्वतःच्या हातानं गोळी घालतो, तो गासिम म्हणजे जोहर.

‘झोर्बा द ग्रीक’ (१९६४) क्रीट बेटावर घडला. शेवटच्या नाचात उड्या होत्या, पण क्विनच्या पायाचं हाड मोडलेलं. उडी मारता येईना म्हणून त्यानं पाय वाळूवरून घासत सरकवायला सुरुवात केली. दिग्दर्शक मिहालिस काकोयानिसनं हा कुठला नाच म्हणून विचारलं, तर यानं पारंपरिक असल्याचं ठोकून दिलं. शायेनची सवय गेली नव्हती! मिकिस थिओडोराकिसचं संगीत हळूहळू वेग घेतं आणि तो नाच आज ‘सिर्ताकी’ म्हणून अख्खा ग्रीस पर्यटकांना दाखवतो. नायकाचं ऑस्कर त्या वर्षी रेक्स हॅरिसनकडे गेलं, पण झोर्बा क्विनला चिकटला तो कायमचा. कझान्झाकिसच्या कादंबरीतला हा मनमौजी म्हातारा पुण्यापर्यंतही पोहोचला. ओशोंनी आपल्या आदर्श माणसाला ‘झोर्बा द बुद्ध’ म्हटलं. क्विनचं नुकसानही झोर्बानंच केलं. त्यानंतर कितीतरी चित्रपटांत तो देश बदलून तोच झोर्बा करत राहिला. हात पसरायचे, गडगडाटी हसायचं, जीवनावर प्रेम करायचं. बघून कंटाळा येतो.

त्यातून तो बाहेर आला सीरियन वंशाच्या मुस्तफा अक्कादच्या दोन चित्रपटांत. ‘द मेसेज’मध्ये तो पैगंबरांचे काका हमजा झाला. पैगंबर त्यात दिसतही नाहीत, पण क्विन त्यांचीच भूमिका करतोय अशी आवई उठली. मार्च १९७७मध्ये वॉशिंग्टनमध्ये बंदूकधाऱ्यांनी तीन इमारतींत सुमारे दीडशे लोकांना ओलीस धरलं, तेव्हा चित्रपट बंद करा ही त्यांची एक मागणी होती. ‘लायन ऑफ द डेझर्ट’ (१९८१) मध्ये त्यानं इटालियनांशी लढणारा लिबियाचा वृद्ध ओमर मुख्तार केला. यातला क्विन संयत आहे; चष्मा पुसणारा, मुलांना कुराण शिकवणारा मास्तर. पैसा गद्दाफीच्या सरकारचा होता आणि इटलीनं तो चित्रपट बरीच वर्षं दाखवू दिला नाही.

मेक्सिकन भूमिकेकडे तो १९७८मध्ये पुन्हा आला, ‘द चिल्ड्रन ऑफ सांचेझ’मध्ये. त्यात त्याच्याबरोबर दोलोरेस देल रिओ होती. तिचा तो शेवटचा चित्रपट. फार कुणी तो पाहिला नाही.

संसार तीन झाले, मुलं डझनभर, सर्वांत धाकटं त्याच्या एक्याऐंशीव्या वर्षी. म्हातारपणी चित्रं काढली, शिल्पं केली. ३ जून २००१ रोजी बॉस्टनमध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी तो गेला. पूर्व लॉस एंजेलिसमध्ये जिथं त्याचं लहानपणीचं घर होतं, तिथं आता त्याच्या नावाचं सार्वजनिक वाचनालय आहे.

क्विन बघायचा झाला तर कृपा करून झोर्बापासून सुरुवात करू नका. आधी ‘ऑक्स-बो’मधला चाकूवाला मेक्सिकन बघा, मग ‘ला स्त्रादा’. झोर्बा त्यानंतर बघितला तरी चालेल.